बॅटरी वाढली

जगात लॅपटॉप वापरणारी माणसं कोट्यवधी असतील, पण बॅटरी किती उरली ते बघणं हाच लॅपटॉपचा मुख्य उपयोग आहे असं मानणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. म्हणजे माझ्या मुलीचा सासरा. हे नातं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे काही सोसलं ते निव्वळ स्वभावाने गरीब म्हणून सोसलं, असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. व्याह्यांचा शब्द मुलीकडच्या माणसाने खाली पडू द्यायचा नसतो. लग्नात व्याहीभेट झाली, शेला-श्रीफळ झालं, आणि मला वाटलं की मानपान तिथे आटोपले. ते आटोपले नव्हते.

मी सावंतवाडीला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर लोक कलमं लावतात, मी लिनक्ससाठी एक अ‍ॅपलेट लिहिलं. लिनक्स म्हणजे हौशी लोकांनी मिळून घडवलेली आणि फुकट मिळणारी संगणकप्रणाली, आणि अ‍ॅपलेट म्हणजे तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात बसून राहणारा एक छोटा कार्यक्रम. माझ्या अ‍ॅपलेटचं नाव पणती. बॅटरी भरलेली असली की तिची ज्योत मोठी, उतरत गेली की लहान. तिच्यावर क्लिक केलं की किती टक्के उरले, किती वेळ उरला, पडदा कधी मंद करायचा, हे सगळं समजतं. पणतीचं एक पान इंटरनेटवर आहे आणि तिथे कुणीही अभिप्राय लिहू शकतो. पहिल्या दोन वर्षांत तीन अभिप्राय आले. एकात आभार होते, एक मला न येणाऱ्या लिपीत होता, आणि तिसरा पान चालतं की नाही हे बघायला मीच लिहिला होता. मग मुलगी आणि जावई कॅनडाला गेले. रविवारी सकाळी एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून जावयाने आपला जुना लॅपटॉप वेंगुर्ल्याला आई-वडिलांकडे ठेवला. तो फार हळू चालतो असं कळलं, म्हणून मी स्वतः जाऊन त्याच्यावर लिनक्स घातलं आणि मोठ्या अभिमानाने कोपऱ्यात पणती लावून दिली. तेव्हा दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न इथेच मिटतो.

व्याह्यांची सारी नोकरी काजूच्या, त्यांच्या बोलीत काजीच्या, कारखान्यात प्रतवारी करण्यात गेली. टेबलावर ओतलेल्या ढिगातून अख्खा गर, पाकळी आणि तुकडा वेगळा करायचा, हे काम इतकी वर्षं केल्यावर माणसाची नजर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना तिथेच राहत नाही. गावात नवा तलाठी आला, व्याह्यांनी त्याच्याशी चार वाक्यं बोलून निकाल दिला, "पाकळी." शेजाऱ्यांच्या नव्या घराचं छप्पर बघून म्हणाले, "तुकडो." माझ्या मुलीला त्यांनी अख्खी म्हणून पास केलं हे मला जावयाकडून कळलं, आणि त्या एका उपकाराखाली मी पुढे कितीतरी गोष्टी मुकाट्याने केल्या. पणतीची नवी आवृत्ती निघाली की ते पडवीत बसून ती निवडायला घेतात. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकते. मी नवी बॅटरी आणून देतो म्हटलं, तर हात हलवून नको म्हणाले. "नवी घातलंय तर तुमचा काम माका कसां समाजतला?" वाईट बॅटरीशिवाय चांगलं अ‍ॅपलेट ओळखता येत नाही हे मला इतकी वर्षं शिकवून सुचलं नव्हतं.

त्यांच्या लेखी तक्रारी वाचण्यासारख्या असतात. माणूस बोलतो मालवणी, पण लिहायला बसला की थेट कचेरीत जाऊन उभा राहतो. "प्रति, पणती विभागप्रमुख, सावंतवाडी. विषय : ज्योतीच्या रंगाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पन्नास टक्के शिल्लक असता ज्योत पिवळी पडते. सदर पिवळेपणा काविळीचा असून दिव्याचा नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." पणतीला विभाग नाही. प्रमुख तर नाहीच; स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, एक हात मोडलेल्या खुर्चीवर मी आहे. अर्ज पोहोचला की दोन मिनिटांत फोन येतो. "मास्तरानू, अर्ज धाडलंय. मिळालो?" मिळाला म्हटलं की, "मगे पोच धाडा." पोच पाठवली की, "जेवलात?" आणि तिथून घरगुती बोलणं सुरू होतं. अर्जातला मजकूर फोनवर आणायचा नाही आणि फोनवरचा अर्जात घालायचा नाही, हे पथ्य त्यांनी बहुतेक वेळा पाळलं.

बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की पणती एक आवाज करत असे. मी तो फार विचार करून निवडला होता. कुणी दचकू नये असा, मऊसा पोंय. वेंगुर्ल्यात सायकलवरून पाव विकायला येणाऱ्या माणसाचा भोंगा अगदी तस्साच वाजतो हे माझ्या लक्षात आलं नाही. पहिल्या दिवशी विहीणबाई ताट घेऊन फाटकापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी खरा पाववाला आला तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. लगेच अर्ज आला. "विषय : पावाबाबत. उक्त ध्वनीमुळे सौभाग्यवतींची दोन वेळा नाहक पायपीट झाली व तिसऱ्या दिवशी कुटुंब पावापासून वंचित राहिले." जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला असा अभिप्राय आला असेल असं मला वाटत नाही. मी आवाज बदलला. शेरा आला, "पाकळी."

पण हा माणूस उगाच खुसपटं काढतो असं म्हणायची सोय नाही, हीच तर खरी अडचण आहे. पणती "बेचाळीस मिनिटे शिल्लक" असं सांगायची. एके दिवशी व्याह्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून मांडीवर घेतलं आणि पणतीसमोर बसले. दहा मिनिटं गेल्यावर पणती म्हणाली एकोणीस. मग म्हणाली एकेचाळीस. त्या दिवशी मात्र ते पथ्य विसरले. "मास्तरानू, ही मिनटां खंयसून काडलात?" मी त्यांना सरासरी, विजेचा भार, प्रोसेसरचा वापर असं सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेतात. ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमकाच म्हायत नाय. मगे तसां लिवा." दोन दिवस मी चरफडत होतो. तिसऱ्या दिवशी मिनिटं काढून टाकली आणि "सुमारे पाऊण तास" असं लिहिलं. पुढे चिलीमधल्या एका गृहस्थांनी लिहून कळवलं की आपल्याशी खोटं न बोलणारं हे पहिलंच अ‍ॅपलेट. मी ते व्याह्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माणूस काजीच्या धंद्यातलो आसतलो."

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी पणतीच्या मराठीला हात घातला. "तुमची मराठी हापिसातली आसा," असं मला सांगून, 'उपरोक्त' आणि 'सदर'वाल्या या माणसाने पणतीतली सगळी वाक्यं नव्याने लिहायला घेतली. पंधरा दिवसांनी ती आली आणि मी ती न तपासता चढवली. व्याह्यांचं काम तपासायचं नसतं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. आठवड्याभरात पानावर अभिप्रायांची रीघ लागली. आधी मी खूश झालो. मग वाचले. विदर्भातल्या एका प्राध्यापकांच्या लॅपटॉपने "बॅटरी वाढली" अशी शुभवार्ता दिली आणि लगेच मान टाकली. सेव्ह न केलेला परीक्षेचा पेपर त्याच्याबरोबर गेला. लातूरच्या एका बाईंनी बॅटरी वाढली असं वाचून चार्जर काढून ठेवला होता. एका विद्यार्थ्याने, ती आणखी वाढवता येईल का, असं नम्रपणे विचारलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे घरात अशुभ म्हणून 'संपलं' हा शब्द काढत नाहीत. मीठ वाढतं, तांदूळ वाढतात, बांगडी वाढते, दिवा वाढतो, रात्री दुकानदार दुकान वाढवतो. व्याह्यांनी बॅटरी संपल्याचं भाषांतर संसारी माणसाने करावं तसं केलं होतं. आणि मी ते वाचलं असतं तरी मला खटकलं नसतं, कारण आमच्याही घरात तसंच बोलतात. मी "बॅटरी वाढली" खोडून "बॅटरी संपली" घातलं. व्याह्यांना कळवलं नाही. म्हटलं, एकच तर शब्द.

अर्ज आला नाही. फोनही आला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. दर आवृत्तीला शिव्या घालणाऱ्या माणसाने गप्प बसावं यासारखी भीतीदायक गोष्ट नाही. बायकोने विचारलं, "व्याह्यांचो फोन नाय तो? तुमी काय केलात?"

"एक शब्द बदललंय."

ती काम करायची थांबली. "चेडवाच्या सासऱ्याचो शब्द बदललात?"

दुसऱ्या दिवशी खाज्याचा पुडा घेऊन मी वेंगुर्ल्याची एसटी पकडली. व्याही पडवीत बसले होते. लॅपटॉप समोर होता, पण मिटलेला, आणि त्याच्यावर फडकं घातलेलं. "येवा, बसा," म्हणाले आणि पाणी दिलं. मग मीच घसा खाकरून प्राध्यापकांची, लातूरच्या बाईंची हकिकत सांगितली. त्यांनी नेहमीसारखी पूर्ण ऐकली.

"परीक्षेचो पेपर गेलो ता वायट झालां," ते म्हणाले. "तुमचा बरोबर आसा." मग आत स्वयंपाकघराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तरानू, आयतवारी कॅनडातलो झील दिसता. बोलता बोलता लाइट जाता. चाळीस मिनटां बॅटरी तग धरता, मगे त्येचा तोंड जाता, आणि त्याच जाग्यार तुमचो शब्द येता. 'संपली'. ही समोर बसलेली आसता. वाचूक येता तिका. पयल्या आयतवारी ती वाचून आत गेली, ती सांज होयसर भायर इली नाय. मीठ वाढलां तरी आमच्या घरात हो शब्द कोणी काडीत नाय. आणि तुमी तो झिलाच्या तोंडार लिवलात."

त्या पडद्यावर त्यांच्या मुलाशेजारी माझी मुलगी बसलेली असते. तिचं तोंड जाऊन तिथे तो शब्द आलेला त्या पंधरवड्यात मी माझ्या घरीही दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा अक्षरं नीट उमटली आहेत ना, एवढंच बघितलं होतं. मला माझी लाज वाटली. इतकी वर्षं मी पणती लिहिली आणि ती वाचली मात्र ह्या माणसाने.

"पण सगळ्या महाराष्ट्राला तो शब्द कळत नाही," मी म्हटलं.

"महाराष्ट्राक कोण सांगता? आमच्यापुरतो ठेवा."

म्हणून आता पणतीच्या भाषांच्या यादीत मराठीच्या खाली मालवणी आहे. वाक्यं सगळी व्याह्यांची. या खेपेला मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं. चढवल्यावर तिसऱ्या मिनिटाला अर्ज आला. "विषय : मालवणी पर्यायातील अनुस्वारांबाबत." दोन अनुस्वार माझ्याकडून गळले होते. शेरा पुन्हा पाकळीच. मी तो अर्ज बायकोला दाखवला आणि त्या दिवशी दुपारी दोन घास जास्त जेवलो.

गेल्या रविवारी आमच्याकडे सावंतवाडीत तारेवर माडाचं झाप पडून सकाळीच लाइट गेली. मुलगी पडद्यावर तिथल्या कुठल्याशा दुकानात कोकमाची सोलं मिळाल्याचं सांगत होती. किती मिळाली ते सांगायच्या आत तिचं तोंड गेलं. मालवणी नीट चालते का ते बघायला मी माझ्या लॅपटॉपवर तीच भाषा लावली होती. पडद्यावर आलं, "बॅटरी वाढली."

बायकोने माझं कुठलंही काम आजवर वाचलेलं नाही. हे तिने वाचलं. "बरां लिवलां," ती म्हणाली. "कोणी?"

मी व्याह्यांचं नाव घेतलं. ती जागची उठली नाही. ती अक्षरं एक मिनिट राहतात आणि मग पडदा काळा होतो; तशी सोय मीच केलेली आहे. ते मिनिट आम्ही दोघं तिकडे बघत बसलो. वेंगुर्ल्याला ते दोघंही असेच बसत असतील. एका मिनिटाची दोन मिनिटं करावीत असं माझ्या फार मनात आहे, पण त्यासाठी कुणीतरी रीतसर अर्ज करायला हवा.