एकाच डोळ्याचं ऑपरेशन

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे हल्ली दात काढण्याइतकं सोपं झालंय, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना दोन-दोन डोळे होते. माझा डावा डोळा मी अंगावर पीत होते तेव्हाच देवीत गेला. तो गेल्याचं दुःख करण्याइतकी अक्कलही तेव्हा नव्हती. पुढचा सगळा संसार उजव्या एकट्यानं बघितला. जळगावात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि साड्यांचे फॉल याच डोळ्याच्या जिवावर झाले. सुई ओवताना लोक एक डोळा मिटतात, तुझे तेवढे कष्ट वाचले, असं आमचे हे लग्न झाल्यापासून चिडवत आले. मीही हसत आले. त्या डोळ्यात मोतीबिंदू निघाल्यावर मात्र त्यांनी ते चिडवणं बंद केलं, आणि मला खरी भीती तिथून वाटायला लागली.

मग मी टाळाटाळ सुरू केली. उन्हाळ्यात नको, इथल्या उन्हात जखम चिघळते. पावसाळ्यात नको, हवेत ओल असते. दिवाळीआधी तर शिवणातून श्वास घ्यायला वेळ नसतो. असं करता करता टीप वाकडी जायला लागली. एका नवरीच्या ब्लाउजला मी उजवी बाही डाव्या खांद्याला लावून ठेवली. तिची आई भांडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती काही न बोलता ब्लाउज घडी करून घेऊन गेली. कीव मला सहन होत नाही. दुसऱ्याच दिवशी मी आपण होऊन दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण आणि मोजकं बोलणारे. यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, डोळ्यात उजेड पाडला आणि म्हणाले, "फार उशीर केलात. मोतीबिंदू इतका पिकलाय की मला मागचं काही दिसतच नाही. पडदा कसा आहे, नस कशी आहे, ते तो काढल्यावरच कळेल." मग विचारलं, "दुसऱ्या डोळ्यानं काहीच दिसत नाही?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हे जपून करू." म्हणजे बाकीच्यांचे काय उरकता, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्याच्या हातात उद्या आपला डोळा द्यायचा त्याच्याशी हुज्जत कशाला, म्हणून गिळलं.

ऑपरेशनसाठी माझी मोठी बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. साक्रीजवळच्या खेड्यात असते आणि अहिराणीच बोलते. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच मला कडेवर वाढवलं. तिचा मुलगा तिला दारात सोडून आल्या पावली परत गेला. येताना तिनं पिशवीत ज्वारीचं पीठ, तूप आणि फडक्यात बांधलेल्या लाल मिरच्या आणल्या होत्या. मिरच्या खायच्या नव्हत्या. माझा डावा डोळा देवीत नाही, शेजारणीच्या नजरेनं गेला, असं अक्का आजही मानते. त्यामुळे उजव्याची राखण करायला ती मिरच्यांसकट हजर झाली होती.

आमच्याकडे नजर उतरवतात ती मीठ, मोहरी आणि मिरच्या अंगावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकून. मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नव्हती. ठसका लागला नाही तर नजर लागलेली आणि तीही जबर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अक्कानं मला उंबऱ्यात बसवलं, धुपाटण्यात निखारे घेतले, पुटपुटत ओवाळलं आणि मूठ सोडली. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. ठसका आला नाही. मी अकरावी शिकलेली बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण ठसका यावा म्हणून मी नाक वर करून खोल श्वास ओढत होते, हेही तितकंच खरं आहे.

"जबर नजर शे," अक्का एवढंच म्हणाली. त्यानंतर ती जेवली नाही.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तोंडावर हिरवं कापड, त्याला एका डोळ्यापुरतं भोक, आणि त्यातून पाण्यात पडल्यासारखे निळे-गुलाबी उजेड. दुखत नव्हतं. नर्सबाई कुणाला तरी डब्यात काय आणलंय विचारत होत्या. तेवढ्यात डॉक्टर "थांबा" म्हणाले आणि सगळे गप्प झाले. ते मला म्हणाले की नर्सला, कळलं नाही. यंत्राचा आवाज तेवढा चालू होता. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून, घरात मशीन कुठे, कात्री कुठे, गॅसची कळ कुठे, हे मनात चाचपत बसले. उद्यापासून तसंच जगायचं असलं तर, म्हणून. मग बोलणं पुन्हा सुरू झालं. काय झालं होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर सगळं ताकासारखं पांढुरकं. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू कडक होता, म्हणून सूज आहे. उतरेल. धूर नको, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, आणि जोरात शिंकायचं-खोकायचं नाही." काळा गॉगल लावून मी घरी आले. थेंब घालायचं काम अक्कानं हिसकावूनच घेतलं. आमच्या ह्यांना तिनं हातही लावू दिला नाही. निम्मे थेंब माझ्या गालावर पडायचे. मी वैतागून म्हणायचे, अक्का, औषध फुकट आलेलं नाही. ती म्हणायची, "तू गुमान बस." आणि पुन्हा घालायची.

धूळ नको म्हणून खिडक्या बंदच ठेवल्या होत्या. अशा त्या बंद घरात, हे दूध आणायला गेलेले असताना, अक्कानं दुसऱ्यांदा नजर उतरवली. आधीची उतरली नाही, हे तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. मी खाटेवर पडले होते. पायांकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, आणि मी काय करतेस म्हणून विचारेपर्यंत तिनं फडक्यातल्या उरलेल्या सगळ्या मिरच्या निखाऱ्यावर सोडल्या होत्या.

या वेळी ठसका आला. असा आला की मला श्वास मिळेना. खोकला थांबला तर शिंका, शिंका थांबल्या तर खोकला. मी डोळ्यावर तळहात दाबून धरला होता आणि प्रत्येक शिंकेला आत काहीतरी फाटतंय असं वाटत होतं. नजर उतरली म्हणून अक्का स्वतः खोकत खोकत आनंदानं ओरडत होती, "गयी वं माय, गयी!"

हे परत आले तेव्हा घरातून धूर निघत होता. आयुष्यात पहिल्यांदा ते अक्काला वाट्टेल तसं बोलले. मी त्यांना अडवलं नाही. मलाही तिचा संताप आला होता. डोळा लालभडक झाला, ठणकायला लागला, आणि पांढुरकं होतं ते आता करडं दिसू लागलं. ह्यांनी मला रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर खूप रागावले. आत बसवलेलं भिंग जागचं हललं नव्हतं, पण जखमेच्या जागी सूज चढली होती. "आता थेंब दुप्पट, आणि वाट बघायची. मी शब्द देत नाही," ते म्हणाले.

ते दिवस मी कसे काढले ते मला विचारू नये. अक्का कोपऱ्यात बसून असायची. थेंब आता हे घालायचे.

सूज मात्र उतरली. एके सकाळी उठले तर भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे स्वच्छ काळे दिसले. पंख्यावरची धूळ दिसली. आपलं घर इतकं घाण आहे, हे बघून मला रडू आलं. अक्का खाली बसून डाळ निवडत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, हसले. ती हसली नाही. तिचा हात डाळीवरून फिरत होता, खडे बोटांना लागले तर निघत होते, आणि तिची नजर माझ्या बाजूला, फ्रिजकडे होती.

मी विचारलं, "अक्का, मना अंगवर कोनती साडी शे?"

ती दचकली. मग म्हणाली, "हिरवीच व्हई."

मी गुलाबी गाऊनवर होते. मागे हे उभे होते. हळूच म्हणाले, उंबऱ्यात ओवाळलं त्या दिवशी मिरच्या निखाऱ्यात पडल्याच नव्हत्या, धुपाटण्याबाहेर पडलेल्या त्यांनी संध्याकाळी झाडून काढल्या होत्या. जिच्यावर मी इतके दिवस धुमसत होते, तिला हातातल्या मिरच्या दिसत नव्हत्या, निखारे दिसत नव्हते, माझा डोळाही दिसत नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या तपासणीला आम्ही तिला जवळजवळ ओढूनच नेलं. डॉक्टरांनी तिचे दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, "मोतीबिंदू किरकोळ आहे. हा काचबिंदू आहे. आतली नस वाळलीय. जे गेलं ते परत येत नाही." अक्का म्हणाली, "मना राहू द्या भाऊ. तिना डोया पहा." ह्यांनी तिला हाताला धरून बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "सख्ख्या बहिणी?" मी हो म्हटलं. "हे घराण्यात चालतं. आता मोतीबिंदू आड नाही, तर नस दिसेल मला." मी हनुवटी टेकवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "तुम्हालाही सुरुवात झालीय. थेंब आता जन्मभर. एक दिवसही चुकवायचा नाही."

"हा डोळा किती वर्षं पुरेल?" मी विचारलं. ते म्हणाले, "ते आत्ता सांगता येणार नाही."

मी बाहेर आले. माझी चाहूल लागताच अक्का बाकावरून उठली आणि हवेत हात पुढे करून म्हणाली, "काय म्हने तो? डोया बरा शे ना?"

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं असावं.

"एकदम बरा शे, अक्का," मी म्हणाले.

तिनं चाचपडत माझे गाल शोधले, हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.