ताट हातात असताना

नितीनचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "आत्या, पापा नहीं रहे," एवढंच तो म्हणाला. माझा हा भाचा बंगळुरूला असतो, मराठी त्याला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देतो. मी वेड्यासारखं विचारलं, "पण तो तर बरा झाला होता ना?" मनोहरला, माझ्या धाकट्या भावाला, जाऊन आता दीड महिना झाला.

मनोहर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. रिटायर झाल्यावरही तो गुढियारीतच राहिला, बायको गेल्यावर एकटाच. मी इकडे त्याच शहरातल्या बूढापाऱ्यात, तशीच एकटी. रविवारी चार वाजता त्याची स्कूटर गल्लीत वाजली की मी चहा ठेवायची. स्वभावाने तो खडूस. कंबर दुखते म्हणून वर्षभर नुसतं मलम चोळत राहिला, डॉक्टरकडे जायला तयार नाही. शेवटी गेला तेव्हा कळलं, प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तोही हाडांपर्यंत पोचलेला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं ठरलं. ते काय करतं, हे त्याने मला त्याच्या भाषेत समजावलं, "पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर जगते तो. त्याच्याकडं जाणारी मालगाडीच थांबवून टाकली, ताई."

मग इंजेक्शनं सुरू झाल्यावर एका रविवारी, ऐन जानेवारीत, तो स्वेटर काढून कपाळावरचा घाम पुसत बसला. चहा निवला तरी कपाला हात नाही. खाली बघत म्हणाला, "ताई, तुले... त्या वयात... असंच होत होतं काय? आतून आग अन् मंग घाम?" मला आधी हसूच फुटलं. ज्या माणसाने जन्मात बायकांच्या दुखण्याचं नाव काढलं नाही, तो माझ्यासमोर लाजून लाल झाला होता. मग माझेच डोळे भरून आले. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा घरात माणसं होती, पण कोणी विचारलं नव्हतं. मी गच्चीवर जाऊन एकटीच वारा घेत उभी राहायची. तेव्हाचा माझा बांबूचा हातपंखा माळ्यावर होता, तो काढून त्याला दिला. त्यानंतर तो फोनवर नुसतं सांगायचा, "आज तीनदा." मी म्हणायची, "पाणी पी अन् पंखा घे." इतक्या वर्षांत भाऊ म्हणून तो माझ्याशी जेवढं बोलला नव्हता, तेवढं त्या काही महिन्यांत बोलला.

इंजेक्शन लागू पडलं. रक्तातला कॅन्सरचा आकडा पार शून्याजवळ आला, कंबर दुखायची थांबली. मी साऱ्या गल्लीत सांगत सुटले, मनोहर बरा झाला. भाऊबीजेला त्याला पाटावर बसवून मी ताट उचललं तर हा म्हणतो कसा, "दबला हाये ताई, गेला नाही. डॉक्टरनं सांगून ठेवलं, कधी ना कधी तो ह्या इंजेक्शनालेबी जुमानणार नाही."

"काहून अभद्र बोलून राहिला रे? ताट हाये माझ्या हातात!" मी चांगलीच खेकसले. ओवाळताना वाईट बोलायचं नाही, हे आईने आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. तो हसला आणि टिळ्यासाठी कपाळ पुढे केलं. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. मीही विचारलं नाही... खरं सांगायचं तर मला ऐकायचंच नव्हतं.

पुढच्या भाऊबीजेला तो पाटावर बसलाच नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून खुर्चीवर बसला. मी ताट घेऊन समोर आले तेव्हा त्याचा हात खिशात होता. घडी घातलेला एक कागद अर्धा बाहेर आला होता. "सगळं बरं हाये ना?" मी विचारलं. त्याने ताटातल्या निरांजनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कागद परत खिशात सरकवला.

"हव," तो म्हणाला.

तेराव्यानंतर नितीनने मनोहरची फाइल माझ्यापुढे ठेवली. आकडा वर्षभर चढत होता. औषधं बदलली होती, तीही थकली होती. वरचा रिपोर्ट भाऊबीजेच्या आधीच्या आठवड्यातला, चार घड्या घातलेला. "मला काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच. नितीन खाली बघत म्हणाला, "पापा ने मना किया था, आत्या. बोले, ताई खुश है, रहने दो." जाताना पिशवीतून त्याने हातपंखा काढला. "ये उनके तकिए के पास था. आपका है ना?"

दांडीवर मनोहरने सुतळी गुंडाळलेली आहे, घामाने हातातून सटकू नये म्हणून. सुतळी काळी पडली आहे. किती वेळा सटकला असेल तेव्हा ती गुंडाळली असेल, आणि तेव्हाही तो मला फोनवर "आज तीनदा" एवढंच सांगत होता.

रविवारी चार वाजले की अजून दोन कप चहा टाकला जातो. पंखा मी त्याच्या खुर्चीवर ठेवते आणि समोर बसते. सांग रे मन्या, काय होतं त्या कागदावर... आज माझ्या हातात ताट नाही.