जुळवून ठेवलेलं कपाट

सुमंगलाशी, म्हणजे माझ्या पत्नीशी, माझं शेवटचं बोलणं झालं ते कपड्यांवरून. हृदयाचा त्रास अचानक उद्भवला आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. संध्याकाळी भेटायला थोडा वेळ आत सोडायचे. मी गेलो तेव्हा तिच्या अंगात दवाखान्याचा फिकट हिरवा गाऊन होता आणि खाटेमागे जवळपास त्याच रंगाचा पडदा. आत शिरताना क्षणभर ती मला दिसलीच नाही. तिनं ते ओळखलं. "अहो, मी ह्या पडद्यातच विरघळले की," ती हळूच म्हणाली. "उद्या गौरीची ती राणी रंगाची ओढणी आणा. पांघरू देतात का, विचारा." मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण स्वच्छ धुतलेली आणा. आमच्या मुलीनं, गौरीनं, घरी येताच ओढणी धुवायला काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती दोरीवर वाळत होती...

माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. एका रकान्यातला आकडा दुसऱ्याशी जुळला की मला बरं वाटतं. सुमंगलाचं नेमकं उलट होतं. साडीवर त्याच रंगाचं ब्लाऊज तिला सहन होत नसे. "जुळलं की संपलं," ती म्हणायची, "डोळ्याला पुढं कामच राहत न्हाय." ती मूळची वळसंगची. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा तिनं चांगल्या दिल्या होत्या, पण पुढं शिकायला सोलापूरला ठेवणं तिच्या घरच्यांना मानवलं नाही आणि लग्न होऊन ती आमच्या घरी आली. लग्नानंतर मी तिला रंगांची पेटी आणि चांगला जाड कागद आणून दिला होता. तिनं एकदोन दिवस ते उघडून पाहिलं आणि ठेवून दिलं. मला वाटलं, रंग हलके निघाले. विचारलं तर हसून म्हणाली, "कागदावर काढू आणि कुठं लावू? दोन खोल्यांचं घर. हे बघा, अंगावर असलं की चित्र बाजारात जाऊन येतं."

आणि खरंच ते बाजारात जाऊन येत असे. मातकट इरकलीवर निळं, जांभळीवर शेवाळी, काळ्या साडीवर टॉवेलच्या कापडाचं पांढरं जाडसर ब्लाऊज. माझा एक चौकड्यांचा शर्ट मी आठवडाभर शोधत होतो. तो एका लग्नात सापडला, ब्लाऊज होऊन तिच्या अंगावर. "कॉलर फाटली होती," ती कानाशी येऊन म्हणाली, "पाठ चांगली होती, वाया कशाला घालवायची?" त्याच लग्नात माझ्या चुलतभावानं तिला हटकलं, "काय वहिनी, घाईत निघालात वाटतं? ब्लाऊज दुसऱ्याच साडीचं आलंय." ती म्हणाली, "व्हय भावजी, हिचं पळून गेलं. मग ह्याच्याशी लावून दिलं." मांडवात हशा पिकला. पुढं घरातल्या मुली मात्र लग्नाच्या आधी हळूच तिच्याकडे यायच्या, काकू, ह्याच्यावर काय घालू विचारायला.

रविवारी दुपारी ती कपाट उघडून बसायची. एका हँगरला एक साडी आणि तिच्यावर तिनं ठरवलेलं ब्लाऊज. पटलं नाही की पुन्हा सगळं काढायचं. मला दाराशी उभं करून सांगायची, "डोळे बारीक करा. आधी काय दिसतंय?" मी जे दिसे ते सांगायचो. "बटणं," मी एकदा म्हणालो, तर तिनं बसल्या जागी बटणं उसवली. आमच्या उन्हात फिके रंग मरतात, असं तिचं म्हणणं होतं, म्हणून उन्हाळ्यात सगळ्या बायका पांढुरक्या, पिस्ता रंगाच्या सुती साड्या काढायच्या तेव्हा ही गडद विटकरी नेसून भाजी आणायला निघायची. स्टेशनवर, बाजारात, यात्रेच्या गर्दीत मला तिला कधी शोधावं लागलं नाही. मी नुसती मान वर करायचो आणि ती असायची.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. कपाळाला विभूती लावून, हार घालून, बसवून नेतात. शेवटच्या दिवशीही माणूस सगळ्यांच्या समोर बसलेला असतो. बायकांनी तिला नवी हिरवी साडी नेसवली आणि वर हिरवंच ब्लाऊज. ते तयार ब्लाऊज मिळवायला माझ्या भाचेसुनेनं भर उन्हात किती दुकानं पालथी घातली होती. रंग अगदी तंतोतंत आणला होता. सगळ्या म्हणत होत्या, किती छान दिसतेय, झोपल्यासारखी. मी समोर उभा राहून पाहत होतो. ती सुमंगला दिसत नव्हती. पण हे कुणाला आणि काय सांगणार होतो...

दिवसकार्यासाठी अक्कलकोटहून माझी मोठी बहीण येऊन राहिली. मी तिला अक्का म्हणतो, ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. घर तिनंच सांभाळलं. आलेल्या-गेलेल्यांचा चहा, आमची जेवणं, सगळं. मी आणि गौरी मठात गेलो होतो त्या दिवशी तिनं रिकामा वेळ बघून सुमंगलाचं कपाट आवरलं. आम्ही परत आलो तर मोठ्या समाधानानं दार उघडून दाखवू लागली. "बघ तम्मा, सगळं लावून ठेवलंय. कशावर काय अडकवलं होतं! बिचारीला आवरायला सवडच झाली नसंल." हिरव्यावर हिरवं, लालवर लाल, पिवळ्यावर पिवळं. उरलेली ब्लाऊजं घडी करून खालच्या कप्प्यात, त्यात माझा चौकड्यांचा शर्टही. गौरीचा हात माझ्या दंडावर होता, तो एकदम घट्ट झाला. अक्कानं आमच्या तोंडाकडं पाहिलं. "काय चुकलं काय?" मी म्हणालो, "नाही अक्का. छान आवरलंस."

अक्का गावी गेल्यावर आम्ही दोघं कपाटासमोर बसलो. आपल्याला आठवेल, असं वाटत होतं. मला जुन्या घराच्या विजेच्या मीटरचा नंबर अजून पाठ आहे. गौरीनं विचारलं, "अप्पा, जांभळीवर काय होतं?" मी म्हणालो, शेवाळी. ती म्हणाली, "ते तर मोरपंखीवर असायचं ना?" आम्ही फोटो काढून पाहिले. फोटोत ती कुणाच्या ना कुणाच्या मागे उभी, नुसता चेहरा. घरात, बाजारात, रोजच्या दिवशी तिचा फोटो कोण काढणार? तीन-चार जोड नक्की सापडले, बाकीच्यांवर आमचं एकमत होईना. वीस साड्या आणि वीस ब्लाऊजं धरली तरी चारशे जोड्या होतात. त्यातल्या तिच्या कुठल्या, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. गौरी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत राहिली.

महिन्याच्या विधीला अक्का पुन्हा आली. त्याच सकाळी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दारात आला. तो बरेच दिवस गावाकडं होता. "साहेब, मला कालच कळलं. वहिनींचे कपडे माझ्याकडंच राहिले होते की..." असं म्हणून त्यानं कागदात गुंडाळलेलं पुडकं माझ्या हातात दिलं आणि पैसे न घेता गेला. अक्कानं ते सोडलं. राखाडी साडी आणि तिच्यावर, सुमंगलानं दिलं होतं तसंच, गडद कुंकवाच्या रंगाचं ब्लाऊज. "हे बघ, परत दुसऱ्याच साडीचं," अक्का म्हणाली, "राखाडी कपाटात हाय, मी पाहिलंय. थांब, बदलते."

"अक्का, नको."

"अरे, मला काय कष्ट हायत?"

"ते दुसऱ्या साडीचं नाही. तिनं तसंच लावलंय."

अक्कानं साडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग उघड्या कपाटाकडं. "म्हणजे मी ते... सगळंच?" मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून कन्नडमधून काहीतरी पुटपुटत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग तू सांग की रे तम्मा. तू रोज बघत होतास. तू सांग, मी लावते. हवं तर आज दिवसभर बसते."

"मला येत नाही, अक्का."

ती उठली. राखाडी साडी आणि ते ब्लाऊज तिनं हँगरला लावलं, कुठं चुणी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, आणि कपाटासमोर उभी राहिली. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. हँगर कशाच्या शेजारी लावायचा, ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.