शनिवारचं डिझेल

घर सोडून ट्रकमध्ये राहायला निघाले तेव्हा मला एकच धास्ती होती, आणि ती अपघाताची नव्हती. आता माझ्या देवाचं कसं होणार, ही होती. माझे वडील देवळाली प्रवऱ्यातल्या एका मंदिरात पूजा करायचे. सोवळं-ओवळं, उपासतापास, कुठल्या वारी काय विकत आणायचं आणि काय नाही, हे सगळं मी त्यांच्याकडून घेतलं आणि लग्नानंतर सासरी लागू केलं. सासरच्यांनी ते सोसलं. पण केबिनमध्ये जिथे झोपायचं तिथेच स्वयंपाक करायचा आणि जिथे स्वयंपाक तिथेच यांचे मोजे वाळायचे. अशा जागी देव राहील, याची मला खरोखर खात्री वाटत नव्हती.

आमचे हे वीस वर्षं शाळेची बस चालवत होते. शाळेने बस बंद केली आणि पन्नाशीला आलेल्या माणसाने ट्रक धरला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. घरात एकटी बसून काय करू, मीही येते, असं मी म्हटलं. यांना वाटलं मी रागाने बोलतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोव्ह, लोखंडी कढई आणि देव्हारा बांधून ओट्यावर बसले होते. घर अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देऊन टाकलं, म्हणजे मागे फिरायचं म्हटलं तरी भाडेकरूच्या दारात पाहुणे म्हणूनच जायचं. देव्हारा मी स्टिअरिंगसमोर काचेखाली मांडला. त्याआड डिझेलचा काटा दिसेनासा झाला. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे, असं यांचं आजही म्हणणं आहे.

गाडीमालक सरळ माणूस, पण स्पष्ट. पहिली फेरी बघतो, मग गाडी कायम तुमच्याकडे ठेवायची की नाही ते ठरवतो, असं त्याने सांगितलं होतं. पहिलाच माल संभाजीनगरहून नगरच्या एमआयडीसीत पोचवायचा होता. शनिवारी दुपारी दोनला तिथलं गेट बंद होतं. दोनच्या आत पोचलो तर गाडी आमची, नाहीतर दुसऱ्याची. आणि गाडी गेली तर राहायचं कुठे, याचं उत्तर आमच्या दोघांकडेही नव्हतं.

शुक्रवारी माल भरायला रात्र झाली. शनिवारी सकाळी निघालो आणि हे पंपाकडे वळायला लागले. मी स्टिअरिंगवर हात ठेवला.

"आज शनिवार आहे. त्यात अमावास्या. आज तेल विकत घ्यायचं नाही."

"अगं, हे डिझेल आहे."

"घाण्यातलं असो नाहीतर जमिनीतलं, तेल ते तेलच."

"शनिवारी लोखंडही आणत नाहीत ना घरात? मग आपण बसलोय ते काय लाकूड आहे?"

"गाडी आपण गुरुवारी ताब्यात घेतलीय," मी म्हटलं. यांनी टाकीत बांबू घालून बघितला, नगरपर्यंत पुरेल बहुतेक, असं म्हणाले आणि निघाले.

पुरलंही असतं. पण शनी अमावास्या लक्षात ठेवणारी मी, त्या दिवशी शिंगणापूरला किती गर्दी लोटते हे मात्र विसरले होते. महामार्गावर गाड्यांची रीघ लागलेली, जड वाहनं आडरस्त्याने वळवलेली. त्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलाने दीड तास चालली, दोनदा आचके दिले आणि दोन्ही बाजूंना ऊस अशा जागी थांबली. तेव्हा बारा वाजायला आले होते. यांनी उतरून टाकीत पुन्हा बांबू घातला, तो कोरडाच वर आला. पंप कितीतरी मागे राहिला होता. आमच्या पुढच्या गाड्या निघून गेल्या, मागच्या कडेने जात होत्या, थांबत कुणी नव्हतं.

मी देव्हाऱ्यासमोर हात जोडले. प्रार्थना केली असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण मी भांडले. महाराज, तुमचाच नियम पाळला आणि तुमच्याच दारात अडवलंत, असं म्हटलं. लोकांच्या घरांना तुमच्या गावात दारं लागत नाहीत, माझ्या घराला दोन दारं आणि सहा चाकं आहेत, तेही तुम्हाला बघवलं नाही का, असंही म्हटलं. मग मला रडू आलं. ज्या बाईला वाटत होतं की देव आपल्या शिस्तीमुळे आपल्याजवळ राहतो, तिला पहिल्यांदाच वाटलं की गाडीत आपण दोघंच आहोत, तिसरं कुणी नाही.

तेवढ्यात उसाच्या बांधावरून एक ट्रॅक्टर आला. साठी ओलांडलेला शेतकरी, डोक्याला टॉवेल, सीटमागे बांधलेला निळा कॅन.

"काय झालं डायवरसायेब?"

"डिझेल संपलं."

"पंप तर म्हागं गेला की."

यांनी माझ्याकडे बोट केलं. मग मला सगळं सांगावं लागलं. तो माणूस हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही, ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला.

"म्हंजी ताई, डिझेल बी शनीचं तेलच धरायचं व्हय?"

"धरायचंच," मी म्हटलं. इतकं होऊनही म्हटलं. एकदा बोललेलं मागे घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

त्याने शिंगणापूरच्या दिशेने हात जोडले. "मला साडेसाती हाय. कारभारीन गेली, हिरीवरची मोटार जळाली, ह्यो गुडगा धरला. जोतिषानं सांगितलं, शनिवारी तेलात आपलं तोंड बघायचं आन ते तेल मानसाच्या हातात द्यायचं. पाच शनिवार झालं, बाटली घिऊन हिंडतोय. कोन घेत न्हाई. तिकडं शिंगणापुरात घरांना दारं न्हाईत, आन आमच्या वाडीत मला बघून दारं लागत्यात. सख्खा भाव म्हनला, तुजी पीडा माज्या घरात नको." मग त्याने कॅनवर हात ठेवला. "वीस लिटर आसंल. घ्या."

मी दोन पावलं मागे सरकले. डिझेल हे तेलच आहे, हे मी सकाळपासून दोनदा ठासून सांगितलं होतं, आता शब्द फिरवायला जागा नव्हती. आणि असलं तेल घेतलं की देणाऱ्याची साडेसाती त्याबरोबर येते, हे मला त्या भावापेक्षा जास्त माहीत होतं. यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं. साडेबारा झाले होते. मी त्या माणसाकडे पाहिलं. तो देणारा होता, पण उभा होता मागायला आल्यासारखा. त्या क्षणी मला गेटची, गाडीची आठवण राहिली नाही, हे मी खरं सांगते. फक्त एवढंच वाटलं की आता मीही दार लावलं तर हा सहावा शनिवार होईल. मनात म्हटलं, महाराज, साडेसात वर्षं तर साडेसात वर्षं. जागा कमी आहे, सांभाळून घ्या.

"द्या काका," मी म्हटलं.

पण तोंड बघायला लोखंडाचंच भांडं लागतं. ट्रकमध्ये तसं भांडं एकच होतं, माझी कढई. सोवळ्यातली, कांदा-लसूणही न लागलेली. तिच्यात डिझेल ओतलं. काका गुडघा सावरत वाकले आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"लई म्हातारा झालो की," ते म्हणाले.

मी कढई दोन्ही हातांनी घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, डिझेलच्या वासाने असेल असं हे म्हणतात. मग यांनी कढईतलं आणि कॅनमधलं सगळं टाकीत ओतलं आणि पाइपात धरलेली हवा काढायला हातपंप मारत बसले. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. यांनी खिशात हात घातला तेव्हा काका आणि मी एकदमच "नको" म्हणालो. त्यांना ते विकायचं नव्हतं आणि मला विकत घ्यायचं नव्हतं.

इमामपूरचा घाट ओलांडून आम्ही गेटवर पोचलो तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. गाडी आमच्याकडे राहिली.

त्यानंतर मी साडेसातीची वाट बघत बसले. टायर फुटला की हात जोडायचे, पोलिसाने अडवलं की हात जोडायचे. शेवटी हे म्हणाले, "हे सगळं शाळेच्या बसलाही व्हायचं. तेव्हा कुणाची साडेसाती होती?"

चारेक महिन्यांनी त्या रस्त्याने मुद्दाम गेलो. काकांनी चहा केला. काही फरक पडला का, असं मी भीतभीतच विचारलं.

"मोटार परत जळाली. गुडगा हाय तसाच," ते म्हणाले. "पन झोप लागती आता."

त्यांची श्रद्धा अशी की शनिमहाराजांनी त्यांच्यासाठी एक अख्खा ट्रक अडवून धरला. माझी श्रद्धा अशी की महाराजांनी आमच्यासाठी काकांना बांधावरून धाडलं. यांच्या मते देव्हारा काट्यासमोर होता. तिन्ही खरं असेल. मी वाद घालत नाही, आणि मी वाद घालत नाही हाच खरा चमत्कार, असं हे मुलीला फोनवर सांगतात.

देव्हारा मी आता डावीकडे सरकवलाय. देव कुठे राहतो, ही शंका मात्र उरली नाही. नियम पाळताना मी देवाला धरून ठेवलं होतं. त्या दिवशी हात मोकळे केले, तेव्हा त्यात काय पडेल हे ठरवणं माझ्याकडे राहिलं नाही, आणि तेच बरं झालं. शनिवारी आम्ही डिझेल भरतो. आधी नमस्कार करते, मग भरतो. पाच लिटरचा एक कॅन जवळ ठेवतो, वाटेत अडलेल्याला द्यायला. परवा शनिवारी पांढरीपुलाजवळ एका टेम्पोवाल्यापुढे तो धरला, तर त्याने आधी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"ताई, तुमाला साडेसाती न्हाई ना?"

"असेलही," मी म्हटलं. "घेतोस का?"

त्याने जरा विचार केला आणि दोन्ही हात पुढे केले.