बाकड्यावर बसवलेला माणूस

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही. जोहे गावातल्या एका गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातून तीन रबरी साचे गेले, एवढंच. पण त्या साच्यांपायी एका माणसाची आखातातली नोकरी जायची वेळ आली, आणि ती घालवायला निघालो होतो आम्हीच.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. कारखान्याचा तरुण मालक सकाळीच तक्रार घेऊन आला. सीझन तोंडावर, साचे नाहीत तर मूर्ती कशा काढणार? कुलूप तुटलेलं नव्हतं. संशय कोणावर, विचारलं तर नकारार्थी मान हलवली. अर्ध्या तासात ठाण्यात फोन आला. "त्यांच्या स्प्रेवाल्याला साचे खांद्यावरून नेताना मी पायलाय," असं म्हणून त्या गृहस्थाने नाव न सांगता फोन ठेवला. निनावी खबर देणारा पाहिलेलं सांगतो, पण अर्धंच सांगतो, हा माझा जुना अनुभव. तरी खबर आली की हलावं लागतं.

स्प्रेवाला म्हणजे मूर्तींना रंगाचा पहिला हात मारणारा कारागीर. वय तिशीचं, गाव रोह्याकडचं, खाडीकाठचं. आखातातल्या एका कंपनीत पेंटर म्हणून त्याची निवड झाली होती. व्हिसा हातात होता, महिनाअखेर हजर व्हायचं होतं. फक्त पोलिसांचा चारित्र्य दाखला यायचा राहिला होता. हवालदार त्याला घेऊन आला आणि माझ्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसवलं. तेव्हा नऊ वाजले होते.

"साचे नेलेस?"

"नेले, साहेब. मोठ्या शेठनी सांगितलं, शेजारच्या कारखान्यात देऊन ये. दिले."

मोठे शेठ म्हणजे मालकाचे वडील. मालक उसळला. "बाबा असं करणारच नाहीत. आमचे साचे दुसऱ्याला कशाला देतील?" वडील रोह्याला मुलीकडे गेले होते आणि फोन वापरत नव्हते. हवालदाराला शेजारच्या कारखान्यात पाठवलं. तिथला मालक खाकी पाहूनच म्हणाला, "आमच्याकडे काय नाय." वर्दी दिसली की माणूस आधी 'नाय' म्हणतो आणि मग प्रश्न काय होता ते आठवतो. आता या 'नाय'मुळे बाकड्यावरचा माणूस आणखी खोटा ठरला.

दुपारी जीप काढून मी स्वतः रोह्याला गेलो. म्हातारबाबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"मीच दिले," ते म्हणाले. "त्यांचा साचा फाटला, मागायला आले. साचा मागितला तर नाय म्हनायचं नाय, आमच्यात अशीच रीत हाय. उद्या आमचा फाटंल."

"मग मुलाला सांगायचं तरी."

"त्यात सांगायचं काय?"

मी कपाळावर हात मारला. पोरगा शिकलेला, कारखाना नुकताच हाती घेतलेला. त्याला ही रीत ठाऊक नाही, आणि बापाला ती सांगायची गोष्टच वाटत नाही. परत आलो तोवर शेजारच्या कारखान्याचा मालक घाम पुसत साचे घेऊन ठाण्यात हजर होता. ते त्याच्या रामवाडीतल्या गाळ्यात होते. स्प्रेवाल्याला म्हटलं, "जा आता." तेव्हा सहा वाजत आले होते. तो "बरं साहेब" म्हणून गेला. माझ्या मते प्रकरण मिटलं.

तीन आठवड्यांनी तोच माणूस कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. दाखला नामंजूर. कारण, पूर्वी अटक.

दाखल्यासाठी ठाण्यातून जाणाऱ्या आमच्या अहवालाचा नमुना इंग्रजीत होता. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी, एक 'डिटेन्ड', दुसरा 'अरेस्टेड'. आमच्या शिपायाने दुसऱ्यावर खूण केली होती. त्याला बोलावलं.

"साहेब, एकच की. आणलावता ना त्याला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, अटक म्हणजे गुन्हा, अटक पंचनामा, घरच्यांना कळवणं, चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करणं. डिटेन म्हणजे चौकशीपुरतं थांबवणं. एका शब्दाने माणसाचं आयुष्य डागाळतं, दुसऱ्याने नाही. मी दहा मिनिटं त्याला झापत होतो. त्याने मुकाट्याने पान उलटून दाखवलं. खाली सही माझी होती. न वाचता केलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दुरुस्तीसाठी मीच जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले. तिथल्या बाबूने विचारलं, फरक काय पडतो? त्याच्या साहेबानेही तेच विचारलं. प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मुदतीला दोन दिवस उरले असताना दाखला मिळाला.

तो घ्यायला स्प्रेवाल्याबरोबर त्याची आई आली होती. गावात तिला बायका विचारत होत्या, तुझ्या पोराला अटक झालेली ना? मी तिला बसवून नीट सांगितलं की अटक झालीच नव्हती, नुसतं चौकशीला थांबवलं होतं. एव्हाना ते भाषण मला पाठ झालं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग दाराबाहेरच्या बाकड्याकडे पाहिलं.

"सायब, त्या दिवशी तो उठून घरी जातो म्हनाला असता, तर तुमी जाऊ दिला असतात?"

मला "हो" म्हणता येईना. म्हणालो, "नाही."

"मग बायकांना मी काय सांगू?" ती म्हणाली, आणि दाखला पदरात गुंडाळून उठली.

मुलगा वेळेवर गेला. आजही तिथेच आहे. पण शिपायाला, बाबूला, साहेबाला मी जो फरक छाती ठोकून शिकवत होतो, तो त्या बाकड्यावर नव्हताच. तो फक्त आमच्या कागदावर होता, आणि तिथेही आम्हाला सांभाळता आला नाही.

त्यानंतर चौकशीला आणलेल्या प्रत्येकाला मी स्वतः सांगायचो, "तुला अटक नाही. जायचं तर जाऊ शकतोस." पहिल्यांदा ज्याला सांगितलं, तो वडखळचा एक हॉटेलवाला होता. "व्हय साहेब," तो म्हणाला. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा "व्हय साहेब" म्हणाला आणि बसूनच राहिला.