पहिली टोपली
संत्रं सोललं की त्या सालीच्या वासानं माझं डोकं अजून तापतं. सिंदी मेघे गावातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक आपलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना सुटली की मंडपात त्याचा लिलाव होतो. संत्र्यांची पहिली टोपली दरवर्षी मीच घ्यायचो. हातगाडीपासून सुरुवात करून स्वतःच्या दुकानापर्यंत आलेल्या माणसाला तेवढा मान हवाच होता. त्या वर्षी माझा साडू बोली वाढवत गेला, कारण त्याला आपल्या आजारी आईला प्रार्थना झालेलं फळ द्यायचं होतं. मी ओरडत होतो, तो बसल्या जागेवरून हळू आवाजात पुढचा आकडा सांगत होता. पाळकांनी तीनदा पुकारलं आणि टोपली त्याची झाली. मी लाथेनं खुर्ची सारली, तसा तो उठला आणि त्यानं ती टोपली माझ्यापुढे आणून ठेवली. "तू मले खैरात देऊन राह्यला का?" मी विचारलं. "नाई जी भाऊ. हक्क माहाच हाय. पण तुमाले इतकं लागलं, तर मी हे घरी कसं नेऊ?" जन्मात कोणाचं फुकट न घेतलेला मी, सगळ्यांदेखत ती टोपली घेऊन निघालो आणि त्यातलं एक संत्रंही त्याच्या आईकडे पाठवलं नाही. नुसता बोलीत हरलो असतो तर केव्हाच विसरलो असतो. आज मंडळीत कोणाच्याही घरी दुखणं आलं की पहिला फोन त्यालाच जातो, आणि मी त्याच गल्लीत, दोन घरं अलीकडे राहतो.