दर मंगळवारी मंदावणारा तारा

माझी धाकटी लेक लहानपणी एक मोजा पायात, एक हातात घेऊन खिडकीतल्या उन्हात तरंगणारी धूळ बघत बसायची. शाळेची घंटा होऊन जायची, मी घसा फोडायचे, हिचं आपलं चाललेलंच. ही पुढे तारे बघणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडले चौथी पास, मला वाटलं पोरगी मंद आहे.

आता ती चव्वेचाळीसची आहे. टेकडीवरच्या दुर्बिणीवर काम करते, सकाळी घरी येते आणि जाड पडदे ओढून झोपते. नोकरी मात्र अजून हंगामी. कायम व्हायचं तर आपण पेपर लिहायचे आणि दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्यांचा आधार घ्यायचा. जितक्यांनी आधार घेतला तितका आकडा मोठा. धाकटीचा आकडा तीनशे दहा, आणि त्यातले दोनशे चौदा एकट्या एका ताऱ्याचे.

तो तारा लाल, माझ्यासारखाच म्हातारा. दर सात दिवसांनी किंचित मंदावायचा. त्याच्या उजेडाचा आलेख जावईबापूंनी छापून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला होता. ठिपके वर, ठिपके खाली. झोपलेल्या बाळाचं पोट हलावं तसे. भाजी निवडता निवडता मी तिकडे बघत राहायचे आणि माझाच श्वास संथ व्हायचा. त्या ताऱ्याभोवती न दिसणारं काहीतरी फिरतंय, असं धाकटीनं बारा वर्षांपूर्वी लिहिलं, आणि जगभरच्या शहाण्यांनी त्यावर आपापले इमले चढवले.

कायम करणाऱ्या कमिटीची बैठक तीन आठवड्यांवर आली होती. एका दुपारी धाकटी विसरलेला चष्मा आणायला टेकडीवर गेली, तर मेकॅनिक दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात बर्फाहून गार, वाफाळणारं काही ओतत होता.

"हे कधी भरता तुम्ही?"

"दर मंगळवारी, बाई. सतरा वर्षं झाली, एक खाडा नाही."

घरी येऊन ती चप्पलसुद्धा न काढता त्या भिंतीसमोर उभी राहिली.

"आई, ते भरल्यावर कॅमेरा जास्तच गारठतो. गारठला की त्याला लाल उजेड कमी दिसतो. तारा मंदावतच नव्हता गं."

"म्हणजे दर मंगळवारी कॅमेऱ्याला सर्दी?"

"हसू नकोस. सात दिवस! ताऱ्याला काय ठाऊक आठवडा म्हणजे काय ते? आणि हे बारा वर्षांत एकालाही खटकलं नाही. मलाही नाही."

जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवला. "बैठक होऊ दे. मग लिही, चूक झाली म्हणून. तीन आठवड्यांत काय आभाळ कोसळतंय?"

"आणि तेवढ्यात कुणी आणखी एक मजला चढवला तर?"

"पण नोकरी जाईल, बाई माझे!"

"जाईल."

जावईबापूंचं चुकत नव्हतं. मी आपली भाजी निवडत राहिले. दोन दिवस धाकटी झोपेत चालल्यासारखी घरभर फिरली. भात समोर ठेवला की त्यात बोटानं वाटोळं काढत बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं दीड पानाची दुरुस्ती लिहिली आणि पाठवून दिली. मला वाचून दाखवली. त्यात मेकॅनिकचे आभार मानले होते, एवढंच मला कळलं.

बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे बैठकीनंतर पाठवलं असतं तर चाललं नसतं?"

"चाललं असतं," ही म्हणाली.

कायम केलं नाही. दोन वर्षं वाढवून दिली. त्या दिवशी जावईबापूंनी घरातली घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासली.

महिन्याभरानं कुठल्यातरी दूरदेशीच्या प्राध्यापकाचं पत्र आलं. त्याच्याकडेही तसलाच कॅमेरा होता. 'माझेही दोन तारे गेले,' त्यानं लिहिलं होतं, 'तुमच्या दुरुस्तीचा आधार घेतला आहे.'

"झाला एक," धाकटी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

मी विचारलं, "मग तुझा तो तारा आता काय करतो गं?"

"काही नाही करत, आई. नुसता जळतो."

आणि साखर घालायची विसरलेला चहा ती कितीतरी वेळ ढवळत बसली.